खंडणीचा फोन आला, तर एनसीवर परत येऊ नका

खंडणीची तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात गेलेला दुकानदार पुष्कळदा एनसीची चिठ्ठी घेऊन घरी येतो. चिठ्ठीवर शिक्का असतो, नंबर असतो, त्यामुळे काहीतरी झालं असं वाटतं. पण एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद, आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तिचा तपास पोलिसांना करताच येत नाही. फोन करणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. म्हणून एफआयआर कसा होतो, तो का होत नाही आणि झाल्यावर काय सांभाळायचं, एवढंच इथे सांगितलं आहे. हे दुकानदार, छोटे बिल्डर, हॉटेलवाले आणि पुनर्विकासाच्या भानगडीत सापडलेल्या सोसायट्यांच्या समित्यांसाठी आहे.

फोन चालू असताना

वाद घालू नका, आकडा कमी करून मागू नका, ‘बघतो, सांगतो’ म्हणा आणि समोरच्याला बोलू द्या. तुम्हाला त्याच्या तोंडून तीन गोष्टी हव्या आहेत: रक्कम किती, कधीपर्यंत, आणि नाही दिली तर काय. ‘कशाचे पैसे?’ आणि ‘नाही जमलं तर?’ हे दोन साधे प्रश्न विचारले की बहुतेक वेळा तिन्ही गोष्टी बाहेर येतात.

रेकॉर्डिंगमध्ये एक फसगत नेहमी होते. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये रेकॉर्डिंगचं बटण दाबलं की ‘हा कॉल रेकॉर्ड होत आहे’ अशी सूचना दोन्ही बाजूंना ऐकू जाते. व्हॉट्सॲप कॉल तर फोनच्या रेकॉर्डरमध्ये येतच नाही. त्यामुळे कॉल स्पीकरवर टाका आणि दुसऱ्या फोनच्या व्हॉइस रेकॉर्डरने रेकॉर्ड करा. दुसरा फोन नसेल तर जवळच्या माणसाला खुणेने बोलवा. त्याने ऐकलं, तर तो साक्षीदार होतो. संभाषणात तुम्ही स्वतः एक पक्ष असता, त्यामुळे असं रेकॉर्डिंग न्यायालयात मांडता येतं.

स्क्रीनवर परदेशातला नंबर दिसला म्हणून हबकून जाऊ नका. इंटरनेटवरून लावलेल्या कॉलला कुठल्याही देशाचा नंबर दाखवता येतो. टोळीचं नाव घेणारा पुष्कळदा तुमच्याच गल्लीतला, तुमचा माजी नोकर किंवा पुरवठादाराच्या ओळखीतला असतो. तुमच्या मुलाच्या शाळेची वेळ त्याला माहीत असेल, तर ती जवळच्याच कोणीतरी सांगितली आहे. पोलिसांना हा तपशील आवर्जून सांगा, तपास तिथूनच पुढे सरकतो.

पहिल्या तासात

नंबर ब्लॉक करू नका आणि चॅट पुसू नका. ‘डिसअपिअरिंग मेसेज’ चालू असेल तर आधी बंद करा. स्क्रीनशॉट घेताना नुसता मेसेज नको. प्रोफाइल उघडून पूर्ण नंबर आणि वेळ दिसेल असा दुसराही घ्या, आणि चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःलाच ईमेल करा. मूळ फोन मात्र तसाच ठेवा. तो फॉरमॅट करू नका, विकू नका, दुरुस्तीलाही देऊ नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागतं. त्याचा भाग अ पुरावा देणारा भरतो, भाग ब तज्ज्ञ भरतो. मूळ यंत्र हाताशी नसेल तर ते प्रमाणपत्र लंगडं पडतं.

माणूस दुकानात येऊन गेला असेल तर सीसीटीव्हीचं काम त्याच दिवशी उरका. डीव्हीआरमधली, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रातली, डिस्क भरली की जुन्यावर नवं चित्रण चढतं. छोट्या दुकानांत हे दोन-तीन आठवड्यांत होतं, कधी त्याहूनही लवकर. येण्याच्या आधीची आणि नंतरची अर्धा-अर्धा तास फूटेज मूळ फाइलच्या स्वरूपात पेनड्राइव्हवर घ्या. स्क्रीनचा मोबाइलने काढलेला व्हिडिओ पुरावा म्हणून फार टिकत नाही. डीव्हीआरचं घड्याळ आणि खरी वेळ यांत किती फरक आहे तो कागदावर लिहून ठेवा. सात मिनिटांच्या फरकावरून बचाव पक्षाचा वकील साक्षीदाराला तासभर फिरवू शकतो. समोरच्या दुकानाचा आणि सोसायटीच्या गेटचा कॅमेराही विसरू नका.

सापळा स्वतः रचू नका. नोटांचे नंबर, पंच, पंचनामा हे सगळं पोलिसांनी केलं तरच उपयोगाचं. चार मित्र गोळा करून त्या माणसाला धरलं, तर मारहाणीचा गुन्हा तुमच्यावर आणि तो जामिनावर, असं उलटं होऊन बसतं.

तक्रार: सगळं इथेच ठरतं

नुसत्या धमकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 351 आहे आणि ते अदखलपात्र आहे. खंडणीसाठी कलम 308 आहे आणि ते दखलपात्र. तुमच्या कागदावर ‘मला शिवीगाळ केली, बघून घेतो म्हणाला’ इतकंच असेल, तर ठाणे अंमलदार एनसी करणार, आणि त्या कागदापुरतं त्याचं चूकही नाही. भीती घालून पैसे मागितले हे कागदावर स्वच्छ दिसलं पाहिजे.

308 च्या आतही फरक आहेत. पैसे दिले गेले असतील तर 308(2), शिक्षा 7 वर्षांपर्यंत. मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची भीती घालून पैसे उकळले असतील तर 308(5), 10 वर्षांपर्यंत. पैसे दिलेच नाहीत, पण जिवाची भीती घालून मागितले, तर 308(4), पुन्हा 7 वर्षांपर्यंत. ‘अजून दिले कुठे? दिल्यावर या’ असं कोणी म्हणालं तर उत्तर हेच कलम. साधी इजा करण्याची भीती घातली असेल तर 308(3); शिक्षा 2 वर्षांपर्यंतच, पण तेही दखलपात्रच.

मजकूर साधारण असा ठेवा:

‘दिनांक … रोजी सायंकाळी 7.40 वाजता माझ्या मोबाइल क्रमांक … वर … या क्रमांकावरून व्हॉट्सॲप कॉल आला. बोलणाऱ्याने स्वतःचे नाव … असे सांगितले. त्याने माझ्याकडे 5 लाख रुपयांची मागणी केली व दिनांक … पर्यंत न दिल्यास “दुकानात येऊन ठोकीन” असे म्हणाला. त्यामुळे मला व माझ्या कुटुंबीयांना जिवाची भीती वाटत आहे. मी पैसे दिलेले नाहीत. संभाषणाचे रेकॉर्डिंग मूळ फोनसह सादर करण्यास तयार आहे. सदर कृत्य भारतीय न्याय संहितेच्या कलम 308(4) खालील दखलपात्र गुन्हा असल्याने गुन्हा दाखल करून एफआयआरची प्रत मिळावी.’

त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा. ‘ठोकीन’ म्हणाला असेल तर तेच लिहा, ‘जीवे मारण्याची धमकी दिली’ असं सभ्य भाषांतर करू नका. रेकॉर्डिंग आणि कागद जुळले पाहिजेत. आधी हप्ता देत आला असाल तर तेही तारखांसह, रकमांसह लिहा. लपवलंत आणि उलटतपासणीत निघालं, तर सगळ्या साक्षीवर पाणी पडतं. खंडणी दिली म्हणून तुम्ही आरोपी होत नाही. मागणारा कोणत्या पक्षाचा किंवा कोणाचा माणूस आहे याबद्दलचे तर्क मात्र कागदावर नकोत. त्याने स्वतः कोणाचं नाव घेतलं असेल तर ‘असे तो म्हणाला’ एवढंच.

मंडळाची वर्गणी म्हणून पावतीपुस्तक घेऊन आलेल्यांनाही हाच नियम. उत्सवासाठी वर्गणी गोळा करायला नोंदणी नसलेल्या मंडळाला धर्मादाय आयुक्तालयाची कलम 41 क खालची परवानगी लागते, ती दाखवा म्हणा. स्वखुशीने 501 रुपये दिले तर वर्गणी. ‘एवढे लिहा नाहीतर शटर उघडू देणार नाही’ म्हटलं की खंडणी.

ठाण्यात गेल्यावर

एकटे जाऊ नका आणि तोंडी सांगत बसू नका. दोन प्रती न्या, एक बारनिशीत देऊन दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. ‘साहेब बंदोबस्तावर आहेत, उद्या या’ म्हणाले तरी शिक्का घेऊनच निघा. हद्दीचा वाद घातला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 चं नाव घ्या: गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावी लागते, आणि तिलाच लोक झीरो एफआयआर म्हणतात. माहिती ईमेलनेही देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. ती राहिली की ईमेल नुसता ईमेलच राहतो.

‘आधी चौकशी करतो, मग बघू’ हे वाक्य हमखास ऐकायला मिळेल. प्राथमिक चौकशीची 14 दिवसांची मुभा 3 वर्षे किंवा जास्त, पण 7 वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांना आहे, आणि तीही वरिष्ठांची परवानगी घेऊन. 308(4) ची शिक्षा 7 वर्षांपर्यंत जाते, त्यामुळे ते या चौकटीत बसत नाही. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात 2013 सालीच सांगितलं आहे. हे सौम्य आवाजात सांगा. टेबलावर हात आपटून सांगितलं तर सरकारी कामात अडथळ्याचा विषय निघतो आणि मूळ विषय बाजूला पडतो.

कोणी मांडवली सुचवली, तर ‘लेखी द्या’ एवढंच म्हणा. कोणी लेखी देत नाही.

एफआयआर झाला की प्रत फुकट मिळते, ती तिथेच मागा आणि वाचा. कलम, रक्कम, भीतीचं वाक्य तपासा. आणखी एक गोष्ट, जी जवळजवळ सगळेच विसरतात: 2016 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकले जातात. संवेदनशील प्रकरणं त्यातून वगळता येतात. तुमचं नाव, पत्ता आणि दुकान आरोपीच्या साथीदारांना घरबसल्या वाचता येऊ नये असं वाटत असेल, तर ‘हा एफआयआर संवेदनशील समजून अपलोड करू नये’ असा एक ओळीचा अर्ज त्याच वेळी द्या. दुसऱ्या दिवशी दिलात तर बहुधा उशीर झालेला असतो.

टोळीचं नाव आलं असेल, मागणी मोठी असेल किंवा स्थानिक ठाण्यावर भरवसा नसेल, तर गुन्हे शाखेच्या खंडणीविरोधी पथकाकडे थेट जाता येतं. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटसमोर पोलीस आयुक्तालयात तक्रार द्या. हल्ला होण्याच्या बेतात असेल तर 112. पैसे मागणारा खुद्द खात्यातला असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064.

नाहीच घेतली तर

क्रम चुकवू नका. आधी कलम 173(4) खाली परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना लेखी तक्रार स्पीड पोस्टने, पोचपावतीसह. हाती दिलेली प्रत वेगळी, पोस्टाची पावती हवीच. थोडे दिवस वाट पाहून मग मॅजिस्ट्रेटकडे कलम 175(3) चा अर्ज, शपथपत्रासह. उपायुक्तांचा टप्पा गाळून थेट कोर्टात गेलात तर अर्ज तिथेच अडकतो. वकिलाला हे माहीत असतंच, पण कागद तुमच्याकडे नसले तर तोही काही करू शकत नाही. पोलिसांनीच गैरवापर केल्याची तक्रार असेल तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण हा वेगळा दरवाजा आहे. तिथे एफआयआर होत नाही, पोलिसाची चौकशी होते.

गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून

एका रांगेतल्या दहा दुकानांपैकी आठ हप्ता देत असतात आणि प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच. इटलीत पालेर्मोच्या लिबेरो ग्रासी या कारखानदाराने जानेवारी 1991 मध्ये वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहून माफियाला हप्ता नाकारला. बाकीचे व्यापारी गप्प राहिले, ऑगस्टमध्ये त्याचा खून झाला. 2004 मध्ये त्याच शहरात सुरू झालेल्या ‘आदियोपित्सो’ या चळवळीने पुढे हप्ता न देणाऱ्या दुकानांची जाहीर यादी करायला सुरुवात केली. शंभर जण एकदम नाही म्हणाले तर टोळीला कोणा एकाला निवडता येत नाही. मुंबईतही संघटनेची हिंमत असेल तर हे जमण्यासारखं आहे, फक्त कागद नीट विभागायला हवा.

संघटनेचं सामूहिक निवेदन उपायुक्तांना द्या, पण गुन्ह्याच्या तक्रारी वेगवेगळ्या करा. तीस सह्यांची एकच तक्रार दिली की एकच गुन्हा, एकच दोषारोपपत्र. मोक्का (संघटित गुन्हेगारीविरुद्धचा महाराष्ट्राचा 1999 चा कायदा) आणि न्याय संहितेचं कलम 111 या दोन्हींना टोळीवर गेल्या दहा वर्षांत एकाहून अधिक दोषारोपपत्रं आणि न्यायालयाने घेतलेली दखल लागते. चार दुकानदारांचे चार एफआयआर असले तर पुढे हा रस्ता उघडतो. मोक्का लावायला अपर पोलीस आयुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते, त्यामुळे तो तुम्ही मागून मिळत नाही. त्याच्या विनंतीचं पत्र मात्र देता येतं. मोक्का लागला की दोषारोपपत्राची मुदत 180 दिवसांपर्यंत जाऊ शकते आणि साक्षीदाराचं नाव-पत्ता गुप्त ठेवण्याची तरतूद मिळते. लोकसेवकाने टोळीला मदत केली किंवा कारवाई टाळली तर मोक्काच्या कलम 24 खाली त्यालाही 3 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पत्रात या कलमाचा उल्लेख करायला हरकत नाही. धमकीच्या सुरात नको.

जे उघडपणे पुढे यायला घाबरतात त्यांच्यासाठीही जागा आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 56 खालची तडीपारी (जास्तीत जास्त 2 वर्षे) आणि एमपीडीए या धोकादायक गुंडांविरुद्धच्या कायद्याखालची स्थानबद्धता (12 महिन्यांपर्यंत) यांत गोपनीय जबाब घेतले जातात. साक्षीदार ‘अ’, साक्षीदार ‘ब’ असा उल्लेख होतो. एसीपी (सहायक पोलीस आयुक्त) पातळीवर विचारा. जबाबात प्रसंग, महिना, जागा हवी. ‘याची परिसरात दहशत आहे’ एवढंच असेल तर तो आदेश वरच्या कोर्टात कोसळतो.

गुन्हा दाखल झाल्यानंतर

आरोपी धरल्यावर कोणी पोलीस मित्रत्वाने व्हॉट्सॲपवर त्याचा फोटो पाठवून ‘हाच ना?’ विचारतो. उघडू नका. ओळख परेडच्या आधी फोटो पाहिला असं निघालं की परेडची किंमत शून्य.

मॅजिस्ट्रेटसमोर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 183 चा जबाब लवकर मागून घ्या. खटले लांबतात. पत्रकार जे. डे यांचा खून जून 2011 मध्ये झाला, विशेष मोक्का न्यायालयाचा निकाल मे 2018 मध्ये आला. एवढ्या काळात साक्षीदार फितूर होण्यासाठी दबाव येत राहतो. मॅजिस्ट्रेटसमोरचा जबाब असला की दबाव टाकणाऱ्याचंही गणित बदलतं.

संरक्षणासाठी 2018 ची साक्षीदार संरक्षण योजना आहे. जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अर्ज करायचा. एसीपी दर्जाचा अधिकारी कामकाजाच्या पाच दिवसांत धोक्याचा अहवाल देतो, संरक्षण एका वेळी तीन महिन्यांपर्यंत मिळतं. मुदत संपण्याच्या पंधरा दिवस आधी वाढीचा अर्ज द्या. अंगरक्षक मिळाला म्हणजे निर्धास्त, असं मात्र नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये वांद्र्यात माजी मंत्री बाबा सिद्दीकी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा त्यांच्यासोबत पोलीस शिपाई होता. ठरलेल्या वेळा मोडणं, दुकान बंद करताना दोघांनी असणं आणि गल्लीत नीट उजेड असणं यांचा रोजच्या जगण्यात जास्त उपयोग होतो.

तपासाची प्रगती 90 दिवसांत तक्रारदाराला कळवणं त्याच संहितेच्या कलम 193 प्रमाणे बंधनकारक आहे. त्याची वाट न पाहता 45 व्या दिवशी पत्र टाका. गुन्ह्यानुसार 60 किंवा 90 दिवसांत दोषारोपपत्र गेलं नाही तर आरोपी आपोआप जामिनाचा हक्कदार होतो. जामिनाला विरोध करायला हस्तक्षेप अर्ज करता येतो. पीडिताला प्रत्येक टप्प्यावर ऐकून घेतलं पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे.

ठाण्याचा वेळ जातो कुठे

‘फेरीवाल्यांना पळवायला वेळ आहे, खंडणीला नाही’ ही तक्रार सर्वत्र ऐकू येते आणि बऱ्याच अंशी खरी आहे. पण त्यात गाड्या उचलणाऱ्यांना ओढू नका. वाहतूक शाखा वेगळी, तिची माणसं तुमच्या ठाण्याच्या तपासातून काढलेली नसतात. ठाण्याची माणसं खातो तो बंदोबस्त: गणपती, निवडणुका, मोर्चे, व्हीआयपी. दुसरं कारण म्हणजे सोप्या केसेस. रस्त्यात अडथळा केला म्हणून महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 102, 117 खाली केलेली केस दहा मिनिटांत होते आणि आकड्यात दिसते. खंडणीच्या एका तपासात अधिकारी महिनोन्‌महिने अडकतो आणि आकड्यात तीही एकच.

म्हणून आकडेच मागा. माहिती अधिकाराचा अर्ज, फी 10 रुपये. महाराष्ट्रात अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, नाहीतर तेवढ्यावरूनच परत येतो. विचारा: ‘… पोलीस ठाण्यात 1 जानेवारी ते 31 डिसेंबर या काळात (1) कलम 308 खाली दाखल गुन्हे, (2) कलम 351 खाली नोंदलेल्या एनसी, (3) 308 मध्ये दाखल दोषारोपपत्रे, (4) कलम 56 खाली पाठवलेले तडीपारीचे प्रस्ताव, (5) कलम 102, 117 खाली केलेल्या केसेस यांची फक्त संख्या द्यावी.’ ‘फक्त संख्या’ हे शब्द महत्त्वाचे. नावं किंवा तपासाचे कागद मागितले की कलम 8(1)(h) दाखवून नकार येतो. उत्तराची मुदत 30 दिवस, नाही आलं तर 20 रुपयांचं पहिलं अपील.

एनसी शंभर आणि 308 दोन, असं काही हाती आलं तर ते घेऊन उपायुक्तांना भेटा. ‘लक्ष द्या’ असं मोघम मागू नका. या बाजारासाठी एक पीएसआय नेमून त्याचा मोबाइल नंबर द्या, रात्री 9 ते 11 या वेळेत बीट मार्शलची फेरी आणि दुकानांच्या भेट नोंदवहीत सही, 351 च्या ज्या एनसींमध्ये पैशांचा उल्लेख आहे त्या एसीपींनी पुन्हा तपासाव्यात, एवढ्या तीन मागण्या पुरेत. नगरसेवकाकडे यासाठी हेलपाटे घालू नका, पोलीस महापालिकेच्या हाताखाली नाहीत. आमदाराकडे जा आणि अधिवेशनाच्या बऱ्याच आधी जा. तारांकित प्रश्न लावायचा तर त्याची सूचना आगाऊ द्यावी लागते, आणि त्या प्रश्नासाठी गृह खात्याला आकडे तुमच्याच ठाण्याकडून मागवावे लागतात.